उजव्या खांद्यावरचा पदर

रोहितच्या मोबाईलमध्ये ते नाव लग्नाच्या आधीपासून होतं. ‘संध्या स्थळ पंचवटी’. मुली बघायच्या दिवसांत सगळेच नंबर असे टिपून ठेवतात, स्थळ ओझर, स्थळ सिन्नर, आणि लग्न ठरलं की पुसून टाकतात. रोहितनं बाकीची स्थळं पुसली, हे एक ठेवलं. पुसायचं राहून गेलं असेल, असं एखादी शहाणी बायको म्हणाली असती. उज्वला शहाणी होती, पण या एका बाबतीत नव्हती. तिनं नवऱ्याला एका शब्दानंही न विचारता तो नंबर आपल्या मोबाईलमध्ये ‘गॅस सिलिंडर’ या नावानं उतरवून घेतला.

ही संध्या वकील होती. रोहित तिला बघायला गेला तेव्हा ती नुकतीच कोर्टात जायला लागली होती. चहापोहे झाले, बोलणं झालं, आणि रोहित घरी येऊन आईला म्हणाला, हीच. आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळत नाही म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणालाही समजतं, रोहितलाही समजलं. पुढच्या वर्षी उज्वला आली. दिंडोरीकडची, बी.कॉम. झालेली, चारचौघींत उठून दिसणारी. जेलरोडला फ्लॅट झाला, मुलगी झाली, सगळं रीतसर झालं. पण सासूबाईंना, म्हणजे सखुबाईंना, एक खोड होती. पोळी जाड झाली किंवा लाईटबिल भरायचं राहिलं, की त्या भिंतीकडे बघून म्हणायच्या, "ती वकिलीण आली असती तर काय झालं असतं, देवीलाच ठाऊक." यात वकिलिणीची स्तुती होती की निंदा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. उज्वलाला मात्र ते झोंबायचं, कारण अशा वेळी रोहित कधीच काही बोलायचा नाही. तो पेपरचं पान उलटायचा.

दुपारची भांडी झाली की उज्वला ‘गॅस सिलिंडर’ उघडून डीपी बघायची. काळ्या कोटातली संध्या. समुद्रावर उभी असलेली संध्या. केस कापून घेतलेली संध्या, आणि ते मेले तिला शोभतही होते. फोटो बदललेला नसला की उज्वलाला जरा हायसं वाटायचं आणि जरा चुकल्यासारखंही व्हायचं. जिच्या नावानं बोटं मोडायची तिचाच चेहरा रोज बघायचा, हा काय प्रकार आहे? मत्सराला देवासारखं रोज दर्शन लागतं, एवढंच म्हणता येईल.

नवरात्रात सासू-सून गडावर देवीला निघाल्या. सीबीएसच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. सखुबाई पुढे, उज्वला मागे. गाडी लागायला वेळ होता म्हणून उज्वलानं मोबाईल काढला, तर नवा डीपी. संध्या, शेजारी नवीकोरी मोटार, मोटारीला झेंडूचा हार. उज्वलानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मोटार तिला बघायची नव्हती. संध्याच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का, ते बघायचं होतं. तेवढ्यात गाडी लागली, माणसांचा लोंढा दाराकडे धावला, आणि उज्वला एका हातानं पिशवी सांभाळत, दुसऱ्या हातातल्या फोटोतला गळा न्याहाळत पुढे ढकलली गेली. नेमक्या त्याच वेळी, तिच्यापासून हातभर अंतरावर, सासूबाईंच्या गळ्यातली सोन्याची पोत कोणीतरी कापून नेली.

सखुबाई ओरडल्या तेव्हा तिनं मान वर केली. गर्दीतून निसटणारी एक पाठ दिसली, हिरवी साडी दिसली. चेहरा दिसला नाही.

"तू मागं व्हती ना? मंग तुझे डोळे कुठं गेले व्हते?" सखुबाईंनी स्टँडवर सगळ्यांदेखत विचारलं. संध्याकाळी रोहितनं तेच जरा शुद्ध भाषेत विचारलं. आता काय सांगणार? तुम्ही पुसायला विसरलेल्या स्थळाचा गळा बघत होते, असं?

"मी बघितलंय तिला," उज्वला म्हणाली. "चांगला चेहरा बघितलाय. समोर आली तर ओळखीन."

बोलून गेली आणि अडकली.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. रोहित सोबत होता. हिरामण हवालदारानं स्टँडवरून एक बाई पकडून आणली होती. चिमणाबाई नाव, पेठकडच्या डोंगरातली. द्राक्षबागेच्या छाटणीला मजुरीवर आली होती आणि सणाला घरी निघाली होती. पोत तिच्याकडे सापडली नव्हती. साडी हिरवी होती आणि पोलीस दिसताच ती घाबरून पळायला लागली होती, एवढ्यावर सगळं. हवालदारानं त्या बाईचाच जप्त केलेला मोबाईल उघडला आणि त्यातला एक फोटो उज्वलापुढे धरला.

"हीच का, बघा."

साक्षीदारापुढे असा एकच फोटो धरून ‘हीच का’ विचारायचं नसतं, हे उज्वलाला ठाऊक नव्हतं. हिरामणला ठाऊक होतं, पण सणासुदीत त्याच्यावर अशा पाच-सहा पोतींचा बोजा होता. फोटोत एक काळीसावळी बाई हसत उभी होती, मागे चहाची टपरी. उज्वलानं फोटोकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग ती कशी होती ते सांगा.

"हीच," ती म्हणाली. आणि एकदा हो म्हटल्यावर तिला हुरूप आला. "पदर उजव्या खांद्यावर होता हिचा. आपण डाव्या खांद्यावर घेतो ना, तसा नव्हे. आणि चमकीसुद्धा उजव्या नाकपुडीत होती. माझ्या तेव्हाच नजरेत भरलं."

हवालदारानं ते शब्द न् शब्द जबाबात लिहून घेतले. "बायकांची नजर ती बायकांची नजर," तो रोहितला म्हणाला. रोहितनं बायकोकडे कौतुकानं पाहिलं. असं तो कधी पाहायचा नाही, आणि त्या एका नजरेवर उज्वला आठ दिवस तरंगत होती.

पुढे तुरुंगात ओळख परेड झाली. तहसीलदारांसमोर एका रंगाच्या बायका ओळीत उभ्या केल्या होत्या. फोटो बघितलेला असल्यावर त्यातली चिमणाबाई कोणा शेंबड्या पोरानंही ओळखली असती. उज्वलानं बोट दाखवलं. चिमणाबाईला जामीन मंजूर झाला, पण शहरात तिला जामीन राहणार कोण? ती आतच राहिली. दिवाळी आतच गेली, होळी आतच आली. उज्वलाच्या घरापासून भाजीबाजाराकडे जाताना तुरुंगाची भिंत लागायची. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायला लागली.

साक्षीचं समन्स घेऊन हिरामण स्वतः घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, कोर्टात फोटोचा विषय काढायचा नाही. विचारलं तर फोटो दाखवला नाही म्हणायचं, बस. आरोपीला सरकारच्या खर्चानं फुकटातली वकील मिळालीय, पण बाई लय चिवट. संध्या मॅडम म्हणतात तिला."

"कोणत्या संध्या?" रोहितनं विचारलं. पेपर त्याच्या हातातच होता, पण पान उलटायचं राहिलं.

"पंचवटीच्या," हिरामण म्हणाला.

त्या रात्री उज्वलाला अन्न गोड लागलं नाही. आणि मग उलटंच झालं, तिला उत्साह आला. इतकी वर्षं जिला मोबाईलमध्ये कोंडून ठेवली ती आता समोर येणार होती, प्रश्न विचारणार होती, आणि उत्तर द्यायचं की नाही हे उज्वलाच्या हातात असणार होतं. नाही म्हणायचं. फोटो नाही, काही नाही. संध्याची केस संध्याच्याच अशिलासमोर पाडायची. त्या अशिलाचं काय होईल, हा विचार तिला आलाच नाही असं नाही. आला, आणि तिनं तो बाजूला सारला.

आईच्या साक्षीच्या दिवशी रोहितला सुट्टी मिळाली नव्हती. उज्वलाच्या साक्षीच्या दिवशी मिळाली. त्यानं नवा शर्ट इस्त्री केला, दाढी दोनदा केली. ते बघून उज्वला पैठणी नेसली. कोर्टात साक्षीला कोणी पैठणी नेसत नाही, पण बोलणार कोण?

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर चिमणाबाई बसली होती, शेजारी पोलीस बाई. फोटोतल्यापेक्षा ती निम्मी झाली होती. उज्वला समोरून जाताना ती एकदम उठून उभी राहिली.

"ताई, तुमी मला कवा पाह्यलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "मी तर तुमाला त्या दिशी पाह्यलंच नाय. लय आठवून बघितलं."

"ए, बस खाली," पोलीस बाई म्हणाली. उज्वला न थांबता आत गेली. पैठणीचा काठ पायात आला, तो तिनं रागानं सोडवला.

सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. ही बाई कोर्टात आहे का? आहे. कुठली? ही. मग संध्या उठली.

फोटोतली संध्या आणि ही एकच होती, पण फोटोत कळत नव्हतं की तिच्या कोटाची बाही उसवलेली आहे आणि ती बोलताना नाक ओढते, सर्दी झाल्यासारखी. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. उज्वलाचं लक्ष आधी तिथेच गेलं.

"पतीचं नाव?"

उज्वलानं ते नाव सावकाश घेतलं, आडनावासकट, ठासून. घाव कुठे बसतो ते बघायला ती डोळे रोखून उभी राहिली. संध्याची पेन्सिल कागदावर चालत होती ती चालतच राहिली.

"ते काय करतात?"

"नोकरी. प्रेसमध्ये," उज्वला म्हणाली, आणि मनात म्हणाली, नाटकी कुठली. माहीत नसल्यासारखं दाखवतेय.

"ओळख परेडच्या आधी पोलिसांनी तुम्हाला आरोपीचा फोटो दाखवला होता का?"

"नाही."

"मोबाईलमध्ये? एखादा?"

"नाही म्हटलं ना. एकही नाही."

"ठीक. जबाबात तुम्ही म्हटलंय, पदर उजव्या खांद्यावर होता, चमकी उजवीकडे होती. नक्की आठवतं? गर्दी होती, चूक होऊ शकते."

ही दयेची भाषा उज्वलाला सर्वांत जास्त लागली. "बाईमाणूस आहे मी," ती म्हणाली. "पदर कुठल्या खांद्यावर आहे ते मला कळत नाही का? उजव्याच होता."

संध्यानं मान डोलावली, चिमणाबाईला पिंजऱ्यात सरळ उभं राहायला सांगितलं आणि न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, आरोपीचा पदर कृपया बघावा." चिमणाबाईचा पदर डाव्या खांद्यावर होता. चमकीही डावीकडे. "तिच्या गावात सगळ्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर असतो. तिचा पदर उजवीकडे दिसतो अशी जगात एकच जागा आहे." तिनं कोर्टाच्या परवानगीनं जप्त मोबाईलमधून काढून मोठा केलेला एक फोटो पुढे ठेवला. "हा तिच्या मुलानं, यादवनं, आईला स्वतःला बघता यावं म्हणून पुढच्या कॅमेऱ्यातून काढलेला फोटो. तिच्या मोबाईलमध्ये त्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटाच साठतो. मागच्या टपरीवरची पाटी बघा, अक्षरं उलटी आहेत. हा फोटो आरोपीच्या मोबाईलमध्ये आहे आणि तो मोबाईल अटकेपासून पोलिसांच्या ताब्यात आहे. साक्षीदार बाईंनी जी बाई बघितली ती स्टँडवर बघितलेली नाही. या फोटोत बघितली."

कोर्टात चुळबुळ झाली. उज्वलाच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. तोंडघशी पाडलं. तेही हिनं, आणि मागच्या बाकावर बसून रोहित हे सगळं बघतोय.

सरकारी वकील उठले. फोटो दाखवला असेल तर तो तपासापुरता, ते म्हणाले, खरा पुरावा म्हणजे साक्षीदारानं कोर्टात शपथेवर पटवलेली ओळख, आणि ती बाईंनी आत्ता पटवली आहे. संध्या म्हणाली, फोटो दाखवून मग परेड घेतली तर ती चेहऱ्याची ओळख राहत नाही, फोटोची ओळख होते. दोघं बोलत असताना संध्याची नजर मागच्या बाकाकडे गेली. रोहित कधी उभा राहिला होता त्याचं त्यालाच ठाऊक. नव्या शर्टात, थोडासा हसत.

"आपण साक्षीदार आहात का?" संध्यानं विचारलं. "साक्षीदारांनी बाहेर थांबायचं असतं."

"नाही. मी रोहित," तो म्हणाला.

"साक्षीदार नाही ना? मग बसा." आणि ती पुन्हा न्यायाधीशांकडे वळली.

उज्वलानं ते बघितलं. या वेळी तिच्या हातात मोबाईल नव्हता, मध्ये गर्दी नव्हती, आणि तिनं संध्याचा चेहरा अगदी नीट, समोरून बघितला. त्यात नाटक नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. रोहित हे नाव या बाईच्या आयुष्यात एका दुपारपुरतं, पोह्यांच्या बशीपुरतं आलं असेल आणि धुऊन गेलं असेल. हिच्यासाठी मी जळले, उज्वलाच्या मनात आलं. हिला ठाऊकही नाही आणि मी रोज दुपारी जळत बसले. तिला इतका संताप आला की रडू येईल असं वाटलं. आणि त्या संतापाला जायला जागा मिळेना, कारण समोर पिंजऱ्यात हात जोडून उभी असलेली बाई सोडली तर या सगळ्यात कोणी काही भोगलेलंच नव्हतं.

न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना थांबवलं. "बाई, इकडे बघा. फोटो दाखवला असेल तर त्या परेडला फारसा अर्थ राहत नाही. पण फोटो बाजूला ठेवा. त्या दिवशी स्टँडवर, स्वतःच्या डोळ्यांनी, तुम्ही या बाईचा चेहरा बघितला होता का? बघितला असेल तर तसं सांगा, मी ते विचारात घेईन. शपथेवर आहात."

म्हणजे अजूनही तिच्याच हातात होतं. हो म्हटलं तर निदान पुरती हार होणार नव्हती. सासूबाई बाहेर बसल्या होत्या, हवालदार दारात उभा होता, नवरा मागे होता. चिमणाबाई तिच्याकडे बघत होती, व्हरांड्यात बघत होती तशीच.

"नाही साहेब," उज्वला म्हणाली. "चेहरा मी बघितलाच नाही. पाठ बघितली, हिरवी साडी. फोटो मला ठाण्यात दाखवला, हवालदारांनी. एकच दाखवला. मी घरी बोलून बसले होते की बघितलंय, म्हणून हो म्हटलं."

"मग पोत गेली तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?"

"मोबाईलमध्ये."

"मोबाईलमध्ये काय?"

उज्वलानं संध्याकडे पाहिलं. उत्तर जिभेवर आलं होतं. संध्यानं नाक ओढलं, कागद गोळा केले आणि म्हणाली, "साहेब, एवढं पुरेसं आहे. मला आणखी काही विचारायचं नाही."

न्यायाधीशांनी उज्वलाला खोट्या साक्षीबद्दल चांगलंच झापलं, पुढे नोटीस येईल असंही सांगितलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. संध्यानं तिथल्या तिथे चिमणाबाईला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडायचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. व्हरांड्यात यादव आईच्या पायाशी उकिडवा बसून रडत होता. चिमणाबाई उज्वलाच्या अंगावरून गेली. तिनं आभारही मानले नाहीत आणि शिव्याही दिल्या नाहीत. तिला पेठची गाडी गाठायची होती.

"आता माझी पोत मिळती का बघ," सखुबाई म्हणाल्या आणि ताडताड पुढे निघून गेल्या.

रोहित आणि ती कोर्टाच्या फाटकापर्यंत आले. समोर स्टँडवर गाड्यांची घोषणा चालू होती. आपल्याला आता तो विचारणार, उज्वलाला वाटलं, खोटं का बोललीस, मोबाईलमध्ये काय बघत होतीस. तिनं ठरवलं होतं, विचारलं तर सगळं सांगून टाकायचं, गॅस सिलिंडरसकट.

रोहितनं खिशातून रुमाल काढला, मानेवरचा घाम पुसला. "कोर्टात तसं करावं लागत असेल, नाही का?" तो म्हणाला.

"काय करावं लागत असेल?"

"म्हणजे ओळख असली तरी दाखवता येत नसेल. वकिलांना नियम असतात." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "माझ्याकडे पाहिलं तिनं. तू समोर होतीस, तुला दिसलं असेल."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते बोलून दाखवलं होतं. उज्वलाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण पेटून उठू. तसं काही झालं नाही. नव्या शर्टाची कॉलर त्याच्या मानेला एका बाजूनं टोचत होती, ती तिनं हातानं सरळ केली.

"पाहिलं," ती म्हणाली. "ओळखलं नाही."